ब्रह्मपुरीचे दीक्षित

कोल्हापूरचा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, नवा राजवाडा पाहतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर त्याला कोणी नेत नाही. हे शहर सातवाहनांच्या काळी नांदते होते, याचा भक्कम पुरावा मात्र तिथेच मिळाला.

1944-45च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या खोदकामात ब्राँझच्या वस्तूंचा साठा हाती आला. त्यात रोमन आरसा होता, भांडी होती आणि ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची वीतभरही नसलेली देखणी मूर्ती होती. साऱ्या जगाचे डोळे या मूर्तीकडे वळले. पुढच्याच हंगामात, 1945-46 मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित आले. त्यांनी थरांचा क्रम लावत शास्त्रशुद्ध उत्खनन केले.

सांकलियांचे नाव पुढे देशभर गाजले. दीक्षितांची आठवण तितकी निघत नाही, आणि मला तो अन्याय वाटतो. खापरे, मणी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे असल्या फुटक्यातुटक्या मालात त्यांचा जीव रमे. ब्रह्मपुरीत सातवाहनकालीन विटांच्या घरांच्या वर बहामनी काळाचा थर लागला. त्यात रंगीत बांगड्या विपुल सापडल्या. राजाचा लेख राजापुरते सांगतो; बांगडी कुठल्या थरात पडली यावरून बाजारात काय विकले जाई, बायका काय लेत, हे कळते. दीक्षितांनी हा धागा कधी सोडला नाही. सांकलियांसह लिहिलेला ब्रह्मपुरीचा अहवाल 1952 साली निघाला. त्रिपुरी, सिरपूर, विदर्भातले कौंडिण्यपूर अशी त्यांची उत्खनने होत राहिली, आणि 1969 साली मुंबई विद्यापीठाने त्यांचा भारतीय काचेचा इतिहास प्रसिद्ध केला. या विषयाच्या अभ्यासकाला तो ग्रंथ आजही टाळता येत नाही. पोसायडनच्या तेजापुढे ही कमाई झाकोळली, पण कोल्हापूरची खरी ओळख मला तीच वाटते.

1946 साली कोल्हापुरात वस्तुसंग्रहालय सुरू झाले. आज ते टाऊन हॉलच्या इमारतीत आहे. ब्रह्मपुरीवर मात्र आता दाट वस्ती आहे, आणि घराचा पाया खणताना जुने थर उलटेपालटे होतात. तिथल्या रहिवाशांना एवढीच विनंती: खणताना जुनी वीट, मणी, बांगडीचा तुकडा निघाला तर ढिगाऱ्यात टाकू नका. जागेवरच फोटो काढा आणि टाऊन हॉल संग्रहालयाला कळवा.