उमेदवाराची पदयात्रा आणि लोकांचा रस्ता

पुणें शहरांत निवडणुकीचा हंगाम सुरू झाला कीं, कसब्यापासून सदाशिव पेठेपर्यंतच्या बोळाबोळांतून पावलांचा आवाज वाढूं लागतो. मोटारींचा ताफा जेथें वळूं शकत नाहीं, तेथें उमेदवारास पायींच जावें लागतें. शिवाय जुन्या वाड्याचा जिना चढून दारांत हात जोडल्यावांचून पेठांतील मतदार उमेदवाराची ओळख मानीत नाहीं, हें जुन्या कार्यकर्त्यांस पक्कें ठाऊक असतें. फेब्रुवारी २०२३ मध्यें कसबा पेठ मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली, तेव्हां सर्वच उमेदवारांस ह्या गल्ल्या पायांखालीं घालाव्या लागल्या.

पायीं केलेला प्रचार हा सर्व प्रकारांत अल्पखर्चाचा होय. ज्या उमेदवारापाशीं मोटार नाहीं, छापखान्याचें बिल भरण्याची ऐपत नाहीं, त्यासहि दोन पाय आहेतच. म्हणून पायीं प्रचाराचे नियम फार आवळले तर त्याची झळ श्रीमंत उमेदवारास न लागतां ह्या गरिबासच लागते. उलटपक्षीं ते सैल सोडले तर रुग्णास घेऊन निघालेली गाडी चौकांत अडकते, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या कानाशीं हलगी वाजते, आणि ज्याच्यापाशीं मत मागावयाचें त्याचीच वाट अडविली जाते. ह्या दोन आपत्तींच्या मधून वाट काढण्याचा खटाटोप म्हणजेच हे नियम.

प्रथम हक्काचा विचार करूं. रस्त्यानें मिरवणूक काढणें ही सरकारची मेहरबानी कीं नागरिकाचा अधिकार? १९५१ सालच्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमानें मिरवणुकींचा मार्ग, क्रम व वेळ यांविषयीं नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांस दिला. हाच कायदा आज महाराष्ट्र पोलीस कायदा या नांवानें ओळखला जातो, आणि १९६५ सालीं पुण्यांत पोलीस आयुक्तालय झाल्यापासून शहरास तो अधिकार आयुक्तांमार्फत लागू आहे. जुन्या मुंबई राज्याचा हा कायदा गुजराथेंतहि चालत असे. तेथें अहमदाबादच्या पोलिसांनीं असा नियम केला कीं, रस्त्यावर सभा भरविण्यास अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. मात्र ती कोणत्या कारणानें नाकारावी हें नियमांत कोठेंच सांगितलें नव्हतें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो नियम रद्द ठरविला. शिस्त लावण्याचा अधिकार सरकारास आहे, पण कारणावांचून मन मानेल तसा नकार देण्याचा नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे. पोलीस ठाण्यांत अर्ज घेऊन जाणाऱ्या अपक्ष उमेदवारानें हा निकाल ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आतां आदर्श आचारसंहिता. १९६० सालीं केरळ विधानसभेच्या निवडणुकीच्या वेळीं तिचा उगम झाला, आणि १९६२ च्या लोकसभा निवडणुकींत निवडणूक आयोगानें ती सर्व पक्षांस पाठविली. पुढें तींत भर पडत गेली. ही संहिता म्हणजे कायदा नव्हे. तिच्यांत शिक्षेचें एकहि कलम नाहीं. मग तिचा दरारा कशाचा? तर तिच्यांतील पुष्कळसे निषेध दुसऱ्या कोणत्या तरी कायद्यांत गुन्हा म्हणून नोंदलेले असतात. संहिता बोट दाखविते आणि कायदा हात धरतो, असा हा संसार आहे. महानगरपालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, व त्याची आचारसंहिताहि थोड्याफार फरकानें ह्याच वळणाची आहे.

मिरवणुकीविषयीं संहिता काय सांगते तें एका उदाहरणानें समजून घेणें सोपें जाईल. समजा, एका उमेदवारास विश्रामबागवाड्यापासून निघून बाजीराव रस्त्यानें शनिवारवाड्यापर्यंत दोन-तीनशें माणसांनिशीं जावयाचें आहे. त्यानें निघण्याची जागा व वेळ, मार्ग, आणि संपण्याची जागा व वेळ हीं आगाऊ ठरवून पोलिसांस कळविलीं पाहिजेत. एकदां ठरलेला मार्ग सहसा बदलतां येत नाहीं. वाटेंत एखादा पाठीराखा आपल्या आळींत या म्हणून आग्रह करूं लागला, तरी त्याला नमस्कार करून पुढें जावें लागतें. मार्गावर जमावबंदीचा हुकूम आहे कीं काय याची चौकशी आधींच करावयाची. मिरवणूक लांबलचक असेल तर तिचे तुकडे पाडावयाचे, म्हणजे लक्ष्मी रस्त्याच्या आणि अप्पा बळवंत चौकाच्या तोंडाशीं एक तुकडा गेल्यावर खोळंबलेलीं वाहनें सोडतां येतात व मग दुसरा तुकडा पुढें सरकतो. पुणेकरांस ही युक्ति नवीन नाहीं. विसर्जनाच्या दिवशीं मानाचे पांच गणपति एकामागून एक जातात, त्यांतील अंतराचें महत्त्व येथील पोरासोरांसहि कळतें. मात्र निवडणुकींत मानाचा क्रम नसतो. एकाच वेळीं एकाच मार्गाची मागणी दोघांनीं केली तर ज्याचा अर्ज आधीं त्याची मिरवणूक आधीं.

मिरवणूक शक्य तों रस्त्याच्या उजव्या अंगानें न्यावी, असें संहितेंत म्हटलें आहे. वाहनें डावीकडून जावयाचीं आणि माणसें उजवीकडून, हें ऐकून नवखा कार्यकर्ता गोंधळतो. पण समोरून येणारी गाडी चालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते, ही त्यांतील सोय उघड आहे. दुरुपयोग होईल अशा वस्तु जमावाच्या हातीं देऊं नयेत, प्रतिस्पर्ध्याचे पुतळे मिरवूं वा जाळूं नयेत, आणि दुसऱ्या पक्षाची सभा चालू असेल तेथून मिरवणूक नेऊं नये, हेंहि संहितेनें स्पष्ट केलें आहे. शेवटच्या नियमाचें मर्म पुण्यास फार जुन्या काळापासून कळावयास हवें. १८७५ सालीं स्वामी दयानंदांची मिरवणूक ह्या शहरांतून निघाली, तेव्हां विरोधकांनीं गाढव सजवून उलट मिरवणूक काढली आणि चिखलफेकीपर्यंत मजल गेली. न्यायमूर्ति रानडे त्या मिरवणुकींत होते व जोतीराव फुले आपल्या अनुयायांसह पाठीशीं उभे राहिले. तो प्रसंग निवडणुकीचा नव्हता. परंतु दोन मिरवणुका समोरासमोर आल्या म्हणजे काय होतें तें पुण्यानें त्या दिवशीं पाहिलें.

मिरवणूक झाली रस्त्यावरची. दारापाशीं आल्यावर निराळे नियम सुरू होतात. प्रत्येकास आपल्या घरांत शांतपणें राहण्याचा अधिकार आहे, मग त्याचीं राजकीय मतें उमेदवारास कितीहि न पटोत. त्याच्या दारासमोर निदर्शनें करण्यास संहितेनें मनाई केली आहे. मालकाच्या परवानगीवांचून भिंतीवर पत्रक डकवितां येत नाहीं, निशाण लावतां येत नाहीं. सार्वजनिक ठिकाणें विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रांत १९९५ चा स्वतंत्र कायदाहि आहे. हातांत दिलेल्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव आणि पत्ता छापलेला असलाच पाहिजे. नसल्यास सहा महिनेपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लहान मुलांच्या हातीं झेंडे देऊन त्यांना पुढें चालविण्याची हौस पुष्कळांस असते. मुलांचा असा कोणताहि उपयोग चालणार नाहीं, असें निवडणूक आयोगानें फेब्रुवारी २०२४ मध्यें पुन्हां कडक शब्दांत बजावलें.

आपल्याकडील एक गोष्ट मात्र कोणत्याहि संहितेंत सांपडावयाची नाहीं. उमेदवार दारांत आला कीं सुवासिनी निरांजन लावून त्याचें औक्षण करितात. औक्षण झाल्यावर तबकांत कांहीं घालावें हा आपला रिवाज, आणि रिकाम्या हातानें उभें राहणें उमेदवारास अवघड वाटतें. परंतु समोरची गृहिणी मतदारहि आहे. मतासाठीं मतदारास दिलेलें द्रव्य ही भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमाप्रमाणें लाच होते, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमान्वयें तो भ्रष्टाचार ठरून झालेली निवड रद्द होण्याची वेळ येऊं शकते. तबकांतली नोट ओवाळणी होती कीं लाच, याचा खल पुढें न्यायालयांत व्हावयाचा. जाणता उमेदवार वाकून नमस्कार करतो आणि पुढच्या दाराकडे वळतो.

पायीं प्रचार अल्पखर्चाचा असला तरी फुकट नव्हे. टोप्या, उपरणीं, ढोलताशा, कार्यकर्त्यांचा चहा व वडापाव हें सारें उमेदवाराच्या हिशेबांत धरलें जातें. कागदावर चहा आणि बासुंदी एकाच किंमतीचीं होऊं नयेत म्हणून प्रत्येक वस्तूचा दरहि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरपत्रकांत ठरलेला असतो. २०२२ सालीं महाराष्ट्रांत विधानसभेसाठीं ४० लाख व लोकसभेसाठीं ९५ लाख रुपये अशी खर्चाची मर्यादा घालण्यांत आली. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावयाचा. सबळ कारणावांचून तो न दिल्यास तीन वर्षें अपात्रता येऊं शकते.

सर्वांत नाजूक काळ मतदान संपण्याच्या आधींच्या अठ्ठेचाळीस तासांचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमानें ह्या अवधींत निवडणुकीसाठीं सभा भरविणें, मिरवणूक काढणें, इतकेंच नव्हे तर त्यांत सामील होणेंहि गुन्हा आहे, व शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची आहे. बाहेरगांवच्या कार्यकर्त्यांनीं मतदारसंघ सोडावयाचा. मग उमेदवारानें घरांतच बसावें काय? कायद्याचा निषेध सभा व मिरवणूक ह्या दोहोंस आहे. दोघाचौघांनीं शांतपणें दारोदार जाऊन भेटणें ही मिरवणूक नव्हे. हा भेद कृत्रिम नाहीं. साथीच्या काळांत, ८ जानेवारी २०२२ रोजीं, गोव्यासह पांच राज्यांच्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हां आयोगानें पदयात्रांवर बंदी घातली, पण उमेदवारासह पांच जणांस घरोघर जाण्याची मोकळीक ठेविली. पुढें ती संख्या दहावर व मग वीसावर नेली. तरीहि पांच माणसांची भेट कोठें संपते आणि पन्नास माणसांची मिरवणूक कोठें सुरू होते, हें अरुंद बोळांत ठरविणें सोपें नाहीं. पांच जण जिन्यांत आणि पंचेचाळीस जण खालीं चौकांत उभे असले, तर भेट दोघाचौघांचीच होती ही सबब टिकावयाची नाहीं. १५ जानेवारी २०२६ रोजीं पुण्यासह महाराष्ट्रांतील महानगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, त्या वेळीं जाहीर प्रचार थांबल्यावर दारोदार फिरण्याची मुभा असावी कीं नसावी, यावरून मोठा वाद माजला होता. मुभा असावी म्हणणाऱ्यांस गरीब उमेदवाराचे पाय दिसतात, नसावी म्हणणाऱ्यांस रात्रीं हळूच सरकविलेलें पाकीट दिसतें. दोघांचेंहि म्हणणें निराधार नाहीं.

मतदानाच्या दिवशीं पावलांवर शेवटचा निर्बंध येतो. केंद्रापासून शंभर मीटरच्या आंत मत मागणें, अमक्यास देऊं नका असें सांगणें, किंवा निवडणुकीसंबंधीं खूण वा फलक मिरविणें यांस १३० व्या कलमानें बंदी आहे. दंड अवघा अडीचशें रुपयांपर्यंतचा, पण पोलीस वॉरंटावांचून धरूं शकतात. कार्यकर्ते मतदारांस चिठ्ठी देतात ती साध्या कागदाची असावी. तीवर उमेदवाराचें नांव, पक्षाचें नांव वा चिन्ह नसावें. शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ ओढलेली असते. तीन आठवडे पेठा तुडविलेला उमेदवारहि स्वतःचें मत देण्यास येतो तेव्हां त्या रेघेपाशीं थांबतो, गळ्यांतलें चिन्हाचें उपरणें काढून बरोबरच्या माणसाकडे देतो, आणि एकटाच आंत जाऊन रांगेंत उभा राहतो.