चाकांवरच्या घराचे छप्पर

अकलूजहून बोरगावकडे जाणाऱ्या वाटेवर, माळशिरस तालुक्यात, श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केले आणि त्याच्या कारखान्यामुळे श्रीपूरचे नाव दूरवर गेले. आज तेथे श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. ह्या गावाला वर्षातून दोन वेळा चाकांवरची बिऱ्हाडे दिसतात. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी अकलूजचा मुक्काम हलवून बोरगावला निघते, तेव्हा दिंड्यांच्या मालमोटारी वारकऱ्यांची अंथरुणे, शिधा आणि राहुट्या घेऊन ह्याच वाटेने जातात. पुढे दिवाळीच्या सुमारास बीडकडचे ऊसतोडणी कामगार येतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडीकुंडी, कोंबड्या, लहान मुले आणि कोपी उभारावयाचे बांबू असे सारे घरच भरलेले असते, आणि त्यावर ताडपत्रीचे आच्छादन असते.

हौसेने चाकांवर राहणारा तिसरा वर्ग आपल्याकडे नवा आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स ह्या स्कॉटिश डॉक्टरने ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची प्रवासी घरगाडी बांधवून घेतली. तिला दोन घोडे ओढीत. केवळ सहलीसाठी बांधलेली अशी ही पहिली गाडी समजतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून मोटारीमागे जोडावयाचे किंवा मोटारीतच बांधलेले घर हा शब्दप्रयोग शहरी कुटुंबांच्याही कानांवर पडू लागला आहे. वारकरी, कामगार आणि सहलीस निघालेला गृहस्थ ह्यांच्या परिस्थितीत महदंतर आहे. परंतु छप्पर गळू लागले म्हणजे तिघांपुढे एकच कोडे उभे राहते.

जमिनीवरच्या घराची गळती आपल्या लोकांना चांगली परिचयाची आहे. कोकणात आणि मावळात पावसाआधी कौले शाकारतात. सोलापूरकडे माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देतात. ती माती पाण्याने फुगते आणि स्वतःच आपली छिद्रे बुजविते. ह्या दोन्ही उपायांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की घर आपल्या जागी स्वस्थ उभे राहील. चाकांवरच्या घराला हे सुख नाही. रस्त्यातील प्रत्येक खड्ड्याबरोबर त्याचा सांगाडा पिळवटतो, आणि एका कोपऱ्याचे चाक खाली गेले म्हणजे छपराचा प्रत्येक सांधा किंचित उघडून पुन्हा मिटतो. शंभर कोसांच्या प्रवासात असे किती वेळा होत असेल त्याची कल्पना करावी.

त्यात उन्हाची भर पडते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवेचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि उन्हात उभा असलेला पत्रा त्याहूनही पुष्कळ तापतो. रात्र आणि दुपार ह्यांत पत्र्याच्या उष्णतेचा फरक चाळीस अंशांचा धरला, तर सहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा सुमारे तीन मिलिमीटर लांबतो आणि तेवढाच ॲल्युमिनियमचा पत्रा साडेपाच मिलिमीटर लांबतो. खालचे लाकूड उष्णतेने इतके वाढत नाही. म्हणून दोहोंना जोडणारा स्क्रू रोज थोडा इकडे व थोडा तिकडे ओढला जातो, त्याचे भोक वर्षभरात अंडाकृती होते आणि पाण्याला दार मिळते. सिमेंटने किंवा कडक लांबीने बुजविलेली भेग पुढच्याच महिन्यात शेजारी नवी भेग पाडते, ह्याचे कारण हेच. हालणाऱ्या सांध्यात न हालणारी वस्तू टिकत नाही. जुन्या आगगाडीच्या लाकडी डब्यांचे कारागीर हे जाणत होते. ते छपरावर जाड कापड सफेद्यात बसवून वरून रंग देत, आणि ती कातडी डब्याबरोबर लवत असे. सफेदा शिशाचा असल्याने विषारी असतो, म्हणून तो आज वापरू नये. पण त्यामागची युक्ती अद्यापि खरी आहे.

तिसरे कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उभी असताना थेंबभरही न गळणारी गाडी पावसात धावू लागली की गळते, आणि मग मालक चक्रावून जातो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या समोरच्या अंगावर वाऱ्याचा जो दाब पडतो, तो सुमारे सतरा मिलिमीटर उंचीचे पाणी तोलून धरण्याइतका असतो. म्हणजे एका पत्र्यावर दुसरा पत्रा बोटभरच चढविला असेल, तर वारा पाण्याला त्या फटीतून चढ चढवून आत लोटतो. म्हणून गाडीवरच्या पत्र्यांचा किंवा ताडपत्र्यांचा जोड नेहमी असा असावा की पुढचे टोक वर आणि मागचे खाली येईल. उलटा जोड म्हणजे वाऱ्यापुढे पसरलेली झोळीच होय.

पाणी किती असते, हेही एकदा मोजून पाहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सहा मीटर लांब व सव्वादोन मीटर रुंद छपरावर पंचवीस मिलिमीटरांची सर आली तर सुमारे ३४० लिटर पाणी पडते, म्हणजे पंधरा लिटरांच्या बावीस-तेवीस घागरी. ते बाहेर वाहून जावे म्हणून उतार हवा. सपाट छपराची गाडी मुक्कामी उभी करताना पुढची बाजू चार बोटे उंच ठेवली की एवढ्यानेच अर्धी कटकट मिटते. सोलापूर जिल्ह्यात कोकणासारखी झड नसते, आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, हे खरे. परंतु कमी पावसाच्या प्रदेशात छपराकडे दुर्लक्ष होते आणि एकच अवकाळी सर सारा हिशेब चुकता करून जाते.

कामगाराच्या कोपीत ह्याची किंमत सर्वांत जड असते. सहलीच्या गाडीत पाणी आले तर गादी उन्हात टाकता येते, फार तर हॉटेलात रात्र काढता येते. कोपीत दुसरी खोली नसते. पीठ, अंथरूण, चूल आणि निजलेले मूल ही सारी दोन-अडीच हातांच्या अंतरात असतात, आणि पहाटे पुन्हा कोयता घेऊन फडात जावयाचे असते. तेथे ताडपत्री फाटते ती बहुधा मधोमध नव्हे, तर बांबूचे टोक घासते तेथे. म्हणून प्रत्येक टोकास चिंध्यांचा बोळा बांधावा. मधला आडवा बांबू उंच घ्यावा, म्हणजे पाण्याचे डबके साचून ताडपत्री पोट धरणार नाही. कोपीभोवती वीतभर खोल चर खणल्यावाचून नुसते छप्पर नीट करून भागत नाही, कारण अर्धे पाणी वरून न येता खालून येते. राहुटीच्या सुती कापडाचा एक स्वभाव वारकऱ्यांना ठाऊक असतो: ओले झालेले कापड आतून बोटाने टेकले, की नेमके तेथूनच पाणी ठिबकू लागते. कापडाचे धागे भिजून फुगतात आणि छिद्रांत पाणी तणावाने अडून राहते. बोट तो तणाव मोडते. प्लास्टिकच्या ताडपत्रीस हा दोष नाही, परंतु उन्हाने ती कडक होते आणि घडीवर तडकते.

आता मुख्य कोडे. छताच्या ज्या ठिकाणी थेंब दिसतो त्याच्या नेमके वर भोक असेल, अशी समजूत बहुतेकांची असते आणि ती बहुधा चुकते. वरचा पत्रा आणि आतले छत ह्यांमध्ये लाकडी पट्ट्या असतात. पाणी एका सांध्यातून शिरते, पट्टीच्या कडेने चार-पाच हात वाहते आणि जेथे वाट संपते किंवा छताला छिद्र असते तेथे खाली उतरते. हे छिद्र पुष्कळदा दिव्याचे असते. दिव्याभोवती ओल दिसली की प्रथम वीज बंद करावी. गळती शोधणे त्यानंतर.

शोध उताराच्या वरच्या दिशेने घ्यावा. छपराचा मधला भाग क्वचितच दोषी असतो. दोष असतो तो वायुवीजनाच्या झाकणाभोवती, नळी वर निघते तेथे, कडेच्या पट्टीखाली आणि छप्पर व समोरची भिंत मिळतात त्या सांध्यात. एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पण पाणी खालून वर, एकेका सांध्यावर पाच-दहा मिनिटे सोडावे. वरून एकदम धार सोडली तर सगळेच सांधे भिजतात आणि चोर सापडत नाही. ह्याहूनही चांगली एक रीत आहे. दारे-खिडक्या बंद करून पंख्याने आत हवा कोंडावी आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. फट असेल तेथे बुडबुडे उठतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच ही विद्या.

परंतु दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी गळती खरोखर गळतीच आहे ना, हे पाहावे. थंडीच्या रात्री बंद गाडीत चार माणसे निजली म्हणजे त्यांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे थेंब टपकतात. पाऊस नसताना थेंब आले तर दोष छपराचा नसून कोंदटपणाचा आहे. एक खिडकी किलकिली ठेवावी.

जागा सापडल्यावर ती आतून बुजविण्याचा मोह सर्वांना होतो, कारण आतून ती हाताशी असते. ह्यासारखी घातक चूक दुसरी नाही. आतले छिद्र बंद केले तरी पाणी वरून येतच राहते, मात्र ते दिसेनासे होते आणि लाकडात मुरून त्यास कुजविते. बाहेरूनच बुजवावे, आणि कोरड्या दिवशी. जुना मसाला लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याने पुरता खरवडावा. विशेषतः पूर्वी कोणी सिलिकोन लावले असेल तर त्याचा पापुद्राही राहू देऊ नये, कारण त्यावर दुसरे काही धरत नाही. कडेची पट्टी असेल तर ती उकलून तिच्याखाली ब्यूटिल रबराची मऊ पट्टी अंथरावी, स्क्रू सारखे आवळावेत आणि त्यांच्या डोक्यांवर व कडांवर लवचीक मसाला द्यावा. आडव्या पृष्ठासाठी आपोआप पसरणारा आणि उभ्यासाठी न ओघळणारा, असे त्याचे दोन प्रकार मिळतात. स्क्रू नुसताच फिरत राहिला तर लाकूड कुजले आहे असे समजावे. तेथे मसाला कितीही ओतला तरी वाया जाईल, लाकूडच बदलावे लागेल.

डांबराविषयी दोन शब्द. पन्हळी पत्र्याच्या बोल्टाभोवती डांबर चालते. तेथे बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी चकती घालून बसवावा, खोलगट भागात नव्हे. परदेशी बनावटीच्या पुष्कळ ट्रेलरांचे छप्पर मात्र ईपीडीएम रबराचे असते, आणि डांबराने किंवा खनिज तेलाच्या इतर पदार्थांनी ते रबर फुगते आणि बिघडते. आपल्या छपराची जात प्रथम विचारून घ्यावी. दुकानदार विचारल्यावाचून डांबरच पुढे करतो.

बुजविल्यावर आतली ओल वाळू द्यावी. श्रीपूरसारख्या ठिकाणी फाल्गुन-चैत्राचे ऊन ह्या कामी फुकटचे आहे. त्या दिवसांत आतल्या छताची एक फळी काढून ठेवली तर महिनाभरात लाकूड खणखणीत होते. बोटाने दाबून पाहावे. दबले नाही, तर फळी परत बसवावी आणि पहिल्या पावसात, गाडी चालत असताना, पुन्हा एकदा त्या सांध्याखाली हात फिरवून पाहावा.