धर्मादायाचा जमाखर्च (लेखांक ५) : देणगीतून पगार किती आणि कोणाला?

मागील लेखांकात सार्वजनिक न्यासाची नोंदणी कशी होते आणि त्याच्या मालमत्तेची नोंद अनुसूची १ मध्ये कशी ठेवली जाते, हे पाहिले. नोंदणीमुळे संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळते. तिच्या हाती आलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे मात्र वर्षअखेरच्या हिशेबपत्रकांतूनच कळते. वसई पूर्वेतील सातिवलीसारख्या लघुउद्योगांच्या पट्ट्यात या पत्रकांना विशेष महत्त्व आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीलाच सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. गाळ्यांतून चालणारे छोटे कारखाने सहसा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. त्यामुळे त्यांची देणगी ऐच्छिक असते आणि तिच्या विनियोगाची चौकशी करणारा स्वतंत्र विभागही त्यांच्याकडे नसतो.

मूळचा मुंबई आणि आताचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा देवस्थानांना, शिक्षणसंस्थांना, रुग्णालयांना आणि १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय सोसायट्यांनाही लागू होतो. न्यासाने आपले हिशेब सामान्यतः ३१ मार्चला मिळवावेत, त्यांची लेखापरीक्षा करून घ्यावी आणि अनुसूची ८ मध्ये ताळेबंद व अनुसूची ९ मध्ये उत्पन्न-खर्च पत्रक सादर करावे, अशी या व्यवस्थेची अपेक्षा आहे. अनुसूची ९ ची खर्चाची बाजू लक्षपूर्वक वाचली, तर देणगीदाराच्या बहुतेक प्रश्नांची निदान दिशा तरी सापडते. कारण मालमत्तेवरील खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, मठाच्या बाबतीत मठाधिपतीचे मानधन, कायदेविषयक खर्च, लेखापरीक्षण शुल्क, घसारा, राखीव किंवा विशिष्ट निधीकडे वर्ग केलेली रक्कम आणि शेवटी न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च, असे स्वतंत्र रकाने तेथे छापलेलेच आहेत. उद्दिष्टांवरील खर्चाचेही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्यनिवारण आणि इतर धर्मादाय कार्य असे पाच पोटभाग पाडलेले आहेत.

या रचनेतली एक उणीव मात्र ध्यानात घ्यावी लागते. विश्वस्तांच्या मानधनाला स्वतंत्र रकाना असला, तरी विश्वस्त नसलेल्या पगारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला तो नाही. त्याचा पगार बहुधा आस्थापना खर्चात, म्हणजे कार्यालय, कर्मचारी आणि व्यवस्थापन यांच्या एकत्रित रकमेत, मिसळून जातो आणि काही संस्था त्याचा अंश उद्दिष्टांवरील खर्चातही दाखवितात. १९५० मध्ये न्यासाचा कारभार प्रामुख्याने विश्वस्त स्वतः पाहत आणि पगारी माणूस म्हणजे कारकून, पुजारी किंवा शिक्षक, असे चित्र कायदा करणाऱ्यांपुढे असावे. आज मोठ्या संस्था व्यावसायिक अधिकाऱ्यांच्या हाती चालतात, पण पत्रकाचा नमुना त्या बदलाइतका पुढे सरकलेला नाही. म्हणून ‘विश्वस्तांचे मानधन : शून्य’ या नोंदीवरून संस्थेच्या वरिष्ठांना काहीच मिळत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

विश्वस्ताला मानधन घेता येते का, याचे उत्तर मुख्यतः संस्थेच्या घटनेत, म्हणजे न्यासपत्रात किंवा नियमावलीत, शोधावे लागते. खाजगी न्यासांना लागू असणाऱ्या १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याच्या कलम ५० ने, स्पष्ट तरतूद नसल्यास विश्वस्ताला मोबदल्याचा हक्क नाही, असे तत्त्व मांडले असून सार्वजनिक न्यासांच्या विचारातही त्याच तत्त्वाचा आधार घेतला जातो. आयकर कायदा दुसऱ्या बाजूने नियंत्रण ठेवतो : संस्थापक, विश्वस्त, व्यवस्थापक आणि त्यांचे नातलग अशा निकटच्या व्यक्तींना प्रत्यक्ष सेवेबद्दल रास्त मोबदला देण्यास त्याची हरकत नाही, मोबदला अवाजवी ठरल्यास मात्र संस्थेची करसवलत धोक्यात येते आणि २०२२ मध्ये केलेल्या तरतुदीनुसार तेवढ्याच रकमेचा, पुन्हा घडल्यास दुप्पट रकमेचा, दंड होऊ शकतो. ‘रास्त’ म्हणजे किती रुपये, हे कायद्याने सांगितलेले नाही; पात्रता, कामाचा व्याप आणि तशाच कामासाठी अन्यत्र मिळणारा पगार यांवरून ते ठरवावे लागते.

त्याच कायद्यातील ८५ टक्क्यांच्या नियमाविषयी बराच गैरसमज आढळतो. करमुक्ती टिकविण्यासाठी न्यासाने वर्षाच्या उत्पन्नातील किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी उपयोजित करावी, म्हणजे प्रत्यक्ष वापरावी, हा १९६१ च्या कायद्यातील नियम २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे. परंतु संस्था चालविण्यासाठी लागणारा रास्त प्रशासकीय खर्चही या उपयोजनात धरला जातो. त्यामुळे ‘आम्ही ८५ टक्के खर्च करतो’ या विधानावरून पैसा साठवून ठेवलेला नाही एवढेच कळते, तो लाभार्थ्यापर्यंत पोहोचला की कार्यालयातच संपला, हे कळत नाही.

प्रशासकीय खर्चावर नेमकी टक्केवारी घालून देणारा कायदा विदेशी देणग्यांपुरता आहे. विदेशी अंशदान नियमन अधिनियम, २०१० मध्ये ही मर्यादा ५० टक्के होती, ती सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने २० टक्क्यांवर आणली गेली. कार्यकारी मंडळाच्या सदस्यांचे मानधन, व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांचे पगार, भाडे, वीज, दूरध्वनी, वाहने आणि हिशेबाचा खर्च ही सर्व प्रशासकीय खर्चाची अंगे मानली जातात. मात्र रुग्णालयातील डॉक्टरांचा किंवा शाळेतील शिक्षकांचा पगार त्यातून वगळलेला आहे, कारण तेथे पगार हाच सेवेचा खर्च असतो. सामाजिक उत्तरदायित्व निधीतही ५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागू होते, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही.

डॉक्टर आणि शिक्षक यांना मिळालेली ही सूट टक्केवारीच्या मापाची मर्यादाही दाखवून देते. समजा, एक संस्था लाखभर रुपयांची घोंगडी विकत घेऊन वाटते आणि दुसरी तेवढ्याच रकमेत एका परिचारिकेला नेमून पाड्यावरच्या क्षयरुग्णांचे उपचार पूर्ण होतील यावर देखरेख ठेवते. पहिलीच्या हिशेबात पगार जवळपास शून्य आणि दुसरीच्या हिशेबात तो जवळपास सगळाच दिसेल, तरी दुसरीचे काम त्यामुळे कमी दर्जाचे ठरत नाही. पगाराचा आकडा कमी असणे ही सचोटीची खूण मानली गेली, तर संस्था तो आकडा दुसऱ्या रकान्यात सरकविण्यास शिकतात आणि हिशेबनीस, लेखापरीक्षक किंवा अनुभवी व्यवस्थापक यांवरचा आवश्यक खर्चही टाळू लागतात, ज्याचे नुकसान शेवटी लाभार्थ्यालाच सोसावे लागते.

टक्केवारीऐवजी पगारच जाहीर करण्याचा मार्ग काही देशांनी घेतला आहे. अमेरिकेत करमुक्त संस्थांना ‘फॉर्म ९९०’ या विवरणपत्रात पदाधिकारी, संचालक आणि सर्वाधिक पगार घेणारे कर्मचारी यांची नावे मोबदल्यासह द्यावी लागतात व ते विवरणपत्र कोणालाही पाहता येते. इंग्लंड आणि वेल्समधील मोठ्या संस्था वार्षिक ६०,००० पौंडांहून अधिक पगार असणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या १०,००० पौंडांच्या टप्प्यांनी जाहीर करतात. महाराष्ट्रात शिर्डीच्या साईबाबा संस्थानासारख्या, २००४ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालणाऱ्या संस्थेचा कार्यकारी प्रमुख शासकीय सेवेतील अधिकारी असतो, त्यामुळे त्याचा पगार शासकीय वेतनश्रेणीशी बांधलेला राहतो. सर्वसाधारण न्यासाच्या बाबतीत मात्र असे कोणतेही परिमाण उपलब्ध नाही.

असे परिमाण मिळेपर्यंत देणगीदाराने आपल्या हातातील साधने वापरणे इष्ट ठरते. लेखापरीक्षकाच्या अहवालात न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर वापरला गेला का, कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का, सभांची इतिवृत्ते ठेवली आहेत का आणि मागील वर्षीचे आक्षेप दूर झाले का, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात; सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात दाखल झालेल्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती ठरावीक शुल्क भरून मागता येतात. सातिवलीतील उद्योजकाने, तसेच विरारच्या जीवदानीला किंवा जवळच्या तुंगारेश्वराला जाणाऱ्या भाविकाने, देणगीच्या पावतीबरोबर सलग तीन वर्षांची अनुसूची ९, आस्थापना खर्चाची फोड आणि प्रमुख अधिकाऱ्याचा पगार ज्या सभेत मंजूर झाला त्या ठरावाची प्रत मागावी. जी संस्था हे तीन कागद विनासंकोच पुढे ठेवते, तिच्या अधिकाऱ्याचा पगार मोठा असला तरी तिच्यावर विश्वास ठेवण्यास आधार आहे. जी ते देण्याचे टाळते, तिच्या पत्रकात मानधन शून्य असले तरी देणगी देण्याआधी पुन्हा विचार करावा.