विकलेल्या लॅपटॉपचं काम संपतच नाही!

लॅपटॉप विकला, पैसे आले, विषय संपला असं वाटतं ना? कंपनीची खरी डोकेदुखी तिथून पुढे चालू होते.

लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एका चिपमध्ये बायोस असतं. बटण दाबलं की विंडोजच्या आधी तेच जागं होतं. यालाच फर्मवेअर म्हणतात. त्यात चूक सापडली, की विकून झालेल्या मशीनसाठीसुद्धा अपडेट काढावं लागतं, तेही प्रत्येक मॉडेलवर वेगळं तपासून. कारण अपडेट अर्धवट राहिलं तर लॅपटॉप चालूच होणार नाही अशी भीती असते. डिसेंबर 2023 मध्ये ‘लोगोफेल’ नावाची त्रुटी जाहीर झाली. चालू करताना कंपनीचा लोगो दिसतो ना, त्या चित्राच्या वाटेने हॅकरला आत शिरता येत होतं. एका चित्रापायी कितीतरी ब्रँडना जुनी मॉडेल्स परत हातात घ्यावी लागली.

आता अमेरिकेतली फ्रेमवर्क कंपनी बघा. संस्थापक निरव पटेल (नाव ऐकून आपलाच वाटतो). ‘लॅपटॉप फेकू नका, दुरुस्त करा’ हाच यांचा धंदा. म्हणजे माल जास्त वर्षं टिकणार आणि अपडेटही तितकी वर्षं द्यावं लागणार. इथेच ते अडकले. 12व्या पिढीच्या इंटेल मॉडेलचं एक अपडेट डिसेंबर 2022 मध्ये चाचणीसाठी आलं, पण ग्राहकांना पक्कं अपडेट मिळायला 2024 उजाडलं. नवीन मॉडेल आलं की बायोसवाली माणसं तिकडे लागायची आणि जुनं मागे पडायचं. एप्रिल 2024 मध्ये पटेलांनी हे उघडपणे मान्य केलं आणि जुन्या मॉडेल्ससाठी वेगळी टीम लावली. मला हे पटलं. लपवालपवी केली असती तर गिऱ्हाईक गेलं असतं.

पण पैसे कोण देणार? लॅपटॉपचे पैसे एकदाच येतात, अपडेटचा खर्च मात्र वर्षानुवर्षं.

पुण्याच्या क्विक हीलकडे बघा. कैलास काटकरांची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून झाली. त्यांच्या अँटिव्हायरसच्या डब्यावर मुदत लिहिलेली असते, एक वर्ष, तीन वर्षं. मुदत संपली की पैसे भरून लायसन्स वाढवा. म्हणजे ते अपडेटच विकतात.

आपल्या वाळूजमध्ये सीसीटीव्ही लावणाऱ्या मित्रांनो, तुमच्या डीव्हीआरलाही फर्मवेअर असतं बरं का. कोटेशनमध्ये एक ओळ वाढवा: पहिलं वर्ष अपडेट मोफत, पुढे एएमसी वर्षाला इतके रुपये. ग्राहक म्हणेल, ‘याचे पण पैसे?’ म्हणू द्या. ही चर्चा विक्रीच्या आधीच झालेली बरी.

मी माझ्या दुकानात पहिली दोन वर्षं ही ओळ टाकलीच नव्हती. त्यातले तीन ग्राहक आजही हक्काने फोन करतात, ‘दादा, जरा येऊन जा.’ आणि मी जातो, फुकट.