रिपोर्टवरचा शब्द : डेफिशियन्सी

रक्ताच्या रिपोर्टवर किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘डेफिशियन्सी’ हा इंग्रजी शब्द दिसला की घरात धास्ती बसते. कुणाला तो मोठ्या रोगाचं नाव वाटतो, कुणाला लागण झाल्यासारखं वाटतं. अर्थ एवढाच की, शरीराला लागणारी एखादी गोष्ट कमी पडली आहे. रेशन दुकानात गहू नसला की आपण ‘शॉर्टेज’ म्हणतो. अंगात लोह कमी पडलं तर डॉक्टर ‘डेफिशियन्सी’ लिहितात.

मात्र कशाची कमतरता, ते शब्दाच्या आधी वाचा. ‘आयर्न’ म्हणजे लोह : थकवा, धाप, चक्कर. ‘बी-१२’ : हातापायांना मुंग्या. ‘व्हिटॅमिन डी’ : हाडं दुखणं. ‘आयोडीन’ : गलगंड. प्रत्येकीचा उपाय वेगळा, म्हणून शेजारणीच्या गोळ्या आपण घेऊ नयेत.

‘ॲनिमिया’ आणि ‘आयर्न डेफिशियन्सी’ हेही एकच नव्हे. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या, गरोदरपणी ११ च्या आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी सुमारे ५४ बायकांना तो आढळला. लोहाची कमतरता हे त्याचं मोठं कारण, पण एकमेव नाही. विदर्भात आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. तोही रक्त कमी करतो. म्हणून गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर सिकलसेलची तपासणी मागा.

हा शब्द काय कमी आहे ते सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का? पोटात जंत आहेत का? सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी बाई घरात कोण आहे? हे आपणच पाहायचं.

गरोदर बाईला लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात : रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. गोळी चहासोबत नको, लिंबू-पाण्यासोबत चालेल. शौचाला काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : कशाची कमी? कशामुळे? पुन्हा तपासणी कधी? विचारायला लाजू नका, रिपोर्ट आपलाच आहे.