पदरावरचा मोर झाला अक्षर

पैठणीच्या पदरावरचे मोर, मुनिया म्हणजे पोपट, आणि कमळ. हे सगळं आज पैठणहून चार अक्षरांत पाठवता येतं: 🥻🦚🦜🪷. होय, अक्षरांतच! इमोजी दिसतो चित्रासारखा, पण संगणकाच्या लेखी तो अक्षर आहे.

युनिकोड या जागतिक यादीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी तिथे १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मोर आणि पोपट २०१८ साली आले, साडी २०१९ला, कमळ २०२१ला. ‘मोर’ लिहिलं की फोन २३५०, २३७९, २३५२ असे तीन क्रमांक पाठवतो. 🦚 पाठवला की एकच, १२९४३४. पिसारा रंगवतो तो समोरच्या फोनमधला फॉन्ट. एकच बुट्टी दोन विणकरांनी आपापल्या हातानं विणावी, तसा हा मोर दोन फोनांवर थोडा वेगळा दिसतो. जुन्या फोनच्या फॉन्टमध्ये तो नसेल, तर नुसती चौकट उमटते.

आजच्या इमोजींचं मूळ जपानमध्ये. १९९९ साली शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीसाठी १७६ चित्रं केली, प्रत्येक अवघ्या १२ बाय १२ ठिपक्यांची! २०१०मध्ये इमोजींना युनिकोडचं दार उघडलं.

आता खरी नवलाई. नाथषष्ठीला ‘वारकर्‍यांना नमस्कार 🙏🚩’ लिहिताना त्यातला ‘र्‍या’ घडवण्याची एक रीत अशी: र, हलन्त, मग ८२०५ क्रमांकाचा एक अदृश्य जोडक, मग या. तोच जोडक 👩 आणि 🌾 यांच्यामध्ये ठेवला की शेतकरीण उभी राहते: 👩‍🌾. मराठी जोडाक्षर आणि इमोजी एकाच धाग्यानं सांधले जातात!

हवा तो इमोजी शोधायचा कसा? फोनच्या कीबोर्डवरचा हसरा चेहरा दाबा आणि शोधपट्टीत नाव लिहा. युनिकोडकडे इमोजींची मराठी नावंही नोंदलेली आहेत, त्यामुळे काही कीबोर्डांना ‘मोर’ थेट कळतो. विंडोजवर विंडोजचं बटण आणि पूर्णविराम एकत्र दाबा. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार. स्वतःचं वेबपान लिहीत असाल, तर त्यात 🦚 एवढं टाका, मोर हजर.

ही यादी अजून वाढते आहे. नव्या इमोजीचा प्रस्ताव युनिकोडकडे कोणालाही पाठवता येतो. तुमच्या गावचं काय त्या यादीत असायला हवं, याचा जरूर विचार करा.