रोजा, आजार आणि शरम

रमजानमध्ये आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "रोजा आहे ना?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. मधुमेहाचा रुग्ण "डॉक्टरांनी मनाई केली आहे" असे सांगून मोकळा होतो. मनाच्या आजारावर गोळ्या घेणारा मात्र अडखळतो. सर्वांसोबत सहेरीला उठतो, दिवसभर उपाशी राहतो आणि गोळी चुकवतो. नाहीतर दार लावून घेऊन पाणी पितो.

खरे तर सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केले, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सूटही दिली आहे. बरे झाल्यावर ते रोजे भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. बरे होण्याची आशाच नसेल तर दर रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचे, तो फिदिया. आजार शरीराचा की मनाचा, हा भेद तिथे नाही. तो आपण केला.

बहुतेक आजारांत ही शरम बाहेरून येते. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर या आजारात ती आतच मुरलेली असते. जवळचे माणूस सोडून जाईल ही सततची धास्ती, घटकेत माया तर घटकेत संताप, आतून रितेपण, स्वतःला इजा करणे, अशी त्याची लक्षणे. ती बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात दिसू लागतात. फोन उचलला नाही एवढ्यावरून भडका उडतो. तो शमला की "मीच वाईट, मला कोण ठेवून घेणार?" ही शरम येते. ती इतकी असह्य असते की तिच्यापासून सुटायला पुन्हा संताप, नाहीतर हातावर ब्लेड. मग त्याचीही शरम. घरचे म्हणतात, "नाटकं करते." कुणी म्हणते, "ईमान कच्चं आहे." शेजारच्या हिंदू घरात "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणतात. तिन्ही वाक्ये काम एकच करतात.

या आजारावरची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ज्यांनी घडवली, त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान स्वतः १९६१ साली, सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या; स्वतःला जाळून, कापून घेत. पुढे जगभर नाव झाले, पण हे त्यांनी जाहीरपणे सांगितले २०११ साली, त्याच रुग्णालयात उभे राहून. तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. शरमेवर जिने औषध शोधले, तिला बोलायला एवढी वर्षे लागली!

त्यांच्या पद्धतीतला एक धडा असा: शरम लपायला सांगते, ती अनाठायी असेल तर नेमके उलटे करायचे. विश्वासातल्या माणसासमोर मान वर करून सांगायचे. मला इथे तौबा आठवते. चुकीचे काम थांबवणे, त्याची खंत वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि कुणाचे नुकसान केले असेल तर ते भरून देणे, एवढ्याच तिच्या अटी. "मी माणूसच नालायक" हे कबूल करणे त्यात कुठेच नाही. खंत कृत्याची असते, शरम सगळ्या माणसालाच गिळते. अर्थात तौबा म्हणजे उपचार नव्हे. उपचार मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांचाच, आणि तो चिकाटीने घेतला तर वर्षागणिक बहुतेकांचा त्रास पुष्कळ ओसरतो.

कुसगावात बाहेरगावची मुले-मुली कॉलेजच्या हॉस्टेलात राहतात, घरापासून दूर. गावातल्यांना लोणावळ्यात डॉक्टरकडे जाताना ओळखीचे कुणी भेटेल याची भीती; म्हणून लोकल पकडून पुणे गाठायचे आणि घरी दुसरेच कारण सांगायचे. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीसुद्धा. गोळ्या चालू असतील तर रोजा धरायचा की नाही, वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांना आधी विचारावे. काही औषधे अंगातले पाणी कमी झाले की अपाय करतात. आणि इफ्तारच्या दस्तरख्वानवर त्या मुलीलाही खजूर द्यावा, रोजा होता का हे न विचारता.